पावणेतेरा लाख आणि शुक्रवारची दुपार

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ४४. न्यू जर्सीत एका मोठ्या ब्रोकरेज फर्ममध्ये १४ वर्षं फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर. गेल्या बारा महिन्यांचं प्रॉडक्शन (क्लायंटांकडून फर्मला मिळवून दिलेला महसूल) ८,५०,००० डॉलर, त्यावर ४२ टक्के पेआउट (हाती येणारा वाटा). क्लायंटांपैकी निम्मी मराठी आणि इतर भारतीय कुटुंबं, उरलेली बहुतेक तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सिनियर पार्टनरकडून आलेली. फर्म दर जानेवारीत पेआउटचे नियम बदलते, लहान खात्यांवर मोबदला देत नाही, बँकेची कर्जं खपवायला लावते. आता दुसऱ्या एका मोठ्या फर्मची ऑफर आली आहे. प्रॉडक्शनच्या अडीचपट रक्कम, त्यातली दीडपट म्हणजे १२,७५,००० डॉलर पहिल्याच दिवशी, करार दहा वर्षांचा. गेलं तर जुन्या फर्मकडे साठलेले डिफर्डचे (कमाईतून मागे राखलेले, काही वर्षांनी मिळायचे) १,९०,००० डॉलर बुडतात. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. पत्नी म्हणते, अशी संधी परत यायची नाही. यांना वाटतं, ज्या फर्मने मोठं केलं तिच्याशी ही बेइमानी होईल. रिक्रूटरला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. ‘माझे क्लायंट माझ्याबरोबर येतीलच, प्रश्न फक्त मनाचा आहे,’ असं ते लिहितात.

नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘माझे क्लायंट’ हे शब्द अकरा वेळा आलेत. मी मोजले, धंद्याची खोड. ‘कर्ज’ हा शब्द मात्र फक्त बँकेच्या संदर्भात आलाय, तुमच्या स्वतःच्या संदर्भात एकदाही नाही. म्हणून आधी तेच बोलू, मनाचं नंतर.

पावणेतेरा लाखांचा तो चेक म्हणजे तुम्ही प्रॉमिसरी नोटवर सही करून उचललेलं कर्ज आहे. तिथे टिकलात तर दर वर्षी त्याचा दहावा हिस्सा, १,२७,५०० डॉलर, फर्म माफ करते. माफ झालेली रक्कम त्या वर्षीचं तुमचं उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर पगारासारखाच कर लागतो. रोकड पहिल्या दिवशी हातात पडते, कर दहा वर्षं भरायचा. करात तिसरा हिस्सा जातो असं धरलं, तरी वर्षाला ४२,५०० डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार तुमच्या पगारातून कापले जाणार, आणि त्या महिन्यात त्यापोटी नवा पैसा एकही आलेला नसणार. चेक नव्या किचनमध्ये आणि गाडीत घालून बसलेल्यांचे पाचव्या वर्षीचे चेहरे मी पाहिलेत. मुलीच्या कॉलेजसाठी हा पैसा वापरायचा विचार असेल, तर दहा वर्षांचा कर आधी वेगळा काढून ठेवा, मग काय उरतं ते बघा.

चौथ्या वर्षाअखेर तुम्ही सोडलंत, तर उरलेले ७,६५,००० डॉलर परत करायचे, तेही लगेच. त्यांनी तुम्हाला काढलं तरी बहुतेक नोटांमध्ये हेच लिहिलेलं असतं. वसुलीसाठी फर्म फिन्राच्या, म्हणजे ब्रोकरेज धंद्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, लवादाकडे जाते आणि तिथे तिचं पारडं जड असतं, कारण कागदावर सही तुमची असते.

आता पाटी-पेन्सिल घ्या. आज ८,५०,००० वर ४२ टक्क्यांनी तुमच्या हाती ३,५७,००० येतात. समजा नव्या जागी प्रॉडक्शनच्या ९० टक्के भरतील इतके क्लायंट आले आणि पेआउट तेवढाच राहिला. हाती ३,२१,३००, तूट ३५,७००. माफ झालेल्या कर्जाचे १,२७,५०० मिळवा, बुडालेल्या डिफर्डचे दहा वर्षांत विभागून १९,००० वजा करा. वर्षाला ७२,८०० डॉलर फायदा. छान. आता ७० टक्के धरा. हाती २,४९,९००, तूट १,०७,१००. माफीचे मिळवा, डिफर्डचे वजा करा. उरतात १,४००. वर्षाचे, महिन्याचे नव्हेत. आणि प्रॉडक्शन उतरलं म्हणून तुम्ही ग्रिडवर, म्हणजे प्रॉडक्शननुसार पेआउट ठरवणाऱ्या तक्त्यावर, एक पायरी खाली घसरलात, पेआउट ४० टक्के झाला, तर आकडा उणे १०,५०० वर जातो. तुम्ही म्हणाल, नवे क्लायंट मिळवून हा खड्डा भरून काढीन. भराल. पण जागा न सोडता तेवढीच धावपळ केली असतीत तर ते नवे क्लायंट इथेही मिळालेच असते, ते या हिशेबात धरायचे नाहीत.

अडीचपटीतली उरलेली एक पट तुम्ही पत्रात अगदी खिशात असल्यासारखी लिहिली आहे. ती पुढच्या वर्षांत क्लायंटांची अमुक इतकी मालमत्ता आणली, अमुक इतकं प्रॉडक्शन गाठलं तरच मिळते. मी ती शून्य धरते. मिळाली तर पेढे वाटा.

म्हणजे सगळं त्या ७० टक्क्यांवर येऊन थांबलं. तुमच्या ‘येतीलच’वर.

मी या धंद्यात पंचवीसहून जास्त वर्षं काढली आणि दोनदा फर्म बदलली. पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखीच ‘येतीलच’वाली होते. नव्या फर्मच्या मॅनेजरला मी नव्वद टक्के सांगितले होते. वर्षाअखेर आले चौसष्ट. न आलेल्यांपैकी कुणी माझ्यावर रागावलेलं नव्हतं. एकाला नवे फॉर्म भरायचा कंटाळा होता. एकीचं घराचं कर्ज त्याच बँकेत होतं. एक काका म्हणाले, ‘तू कुठेही असलीस तरी आमचीच आहेस, पण पैसे आहेत तिथे बरे आहेत.’ या वाक्यावर काय उत्तर द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

तुमच्या बाबतीत दोन जास्तीच्या अडचणी दिसतात, आणि त्या खास आपल्या लोकांशी निगडित आहेत. तुम्ही लिहिता की काही जुने क्लायंट निवृत्तीनंतर पुण्याला, नाशिकला परतलेत आणि त्यांची खाती अजून तुमच्याकडेच आहेत. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांची खाती घ्यायची की नाही, कुठल्या देशातली घ्यायची, हे प्रत्येक फर्म आपापलं ठरवते. जुन्या फर्मने चालवून घेतलेलं खातं नवी फर्म उघडूच देणार नाही, असं सहज होऊ शकतं. दुसरं म्हणजे लहान खाती. नुकती नोकरी लागलेली तरुण जोडपी तुम्ही जपलीत आणि त्यांच्यावर मोबदला मिळत नाही म्हणून तुम्ही चिडलात. ही चीड मला मान्य आहे. पण नव्या फर्मचा उंबरठा काय आहे ते विचारलंत का? ‘किती डॉलरखालच्या कुटुंबावर पेआउट शून्य?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. तिथला उंबरठा जास्त उंच निघाला, तर ज्यांच्यासाठी चिडलात त्यांनाच मागे सोडून जाल.

तेव्हा आज रात्री एक काम करा. क्लायंटांची नावं आठवा, आठवणीतूनच, आणि घरच्या वहीत आद्याक्षरं लिहा. ऑफिसातून काहीही प्रिंट काढायचं नाही, त्याकडे येतेच. प्रत्येकापुढे लिहा: हा माणूस स्वतःहून माझ्याकडे आला, पार्टनरकडून आला की फर्मने दिला? त्याचं खात्यावर काढलेलं कर्ज आहे का? फर्मचेच स्वतःचे फंड आहेत का? ते बहुतेक वेळा हलवता येत नाहीत, विकावे लागतात, आणि विकले की कर. तो अमेरिकेत राहतो का? आणि शेवटचं, त्याच्या घरी पैशाचा निर्णय नक्की कोण घेतं? तुमची ओळख नवऱ्याशी, सही बायकोची, असं आपल्याकडेही असतंच.

हे करताना आणखी एक कागद डोळ्यांसमोर ठेवा. २०१६ च्या नोव्हेंबरपासून फिन्राचा २२७३ क्रमांकाचा नियम लागू आहे. त्यानुसार तुम्ही फर्म बदलून जुन्या क्लायंटशी संपर्क साधलात की नव्या फर्मला त्याच्या हातात एक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात त्याला सुचवलेलं असतं, की विचार बाबा: या बदलासाठी तुझ्या अ‍ॅडव्हायझरला काही पैसे मिळालेत का, त्यामुळे त्याचं हित तुझ्या हिताच्या आड येतंय का, तुला काय खर्च पडेल, तुझं काय काय हलवता येणार नाही? म्हणजे ‘तुला किती मिळाले?’ हा प्रश्न फर्मच छापून देते. माझ्या वेळी असं पत्रक नव्हतं, तरी एका बाईंनी विचारलं होतंच. मी म्हटलं, थोडंफार, खर्चापुरतं. त्या आल्या माझ्याबरोबर, पण दोन वर्षांनी त्यांना खरा आकडा कुणाकडून तरी कळला आणि दिवाळीचा फोन बंद झाला. तुमचं उत्तर आत्ताच तयार ठेवा, बायकोसमोर मोठ्याने म्हणून बघा. म्हणताना नजर खाली गेली, तर ऑफरमध्ये काहीतरी चुकतंय.

आता शुक्रवारची दुपार. या धंद्यात राजीनामे शुक्रवारी दुपारी देतात, म्हणजे जुन्या फर्मने सोमवारी सगळ्या क्लायंटना फोन लावायच्या आत दोन दिवस मिळतात. पण त्या दुपारी तुमच्या बॅगेत काय असावं याचे नियम आहेत. २००४ साली मेरिल लिंच, स्मिथ बार्नी आणि यूबीएस यांनी आपसातल्या कोर्टबाजीला कंटाळून एक समझोता केला, त्याला ब्रोकर प्रोटोकॉल म्हणतात. पुढे शेकडो फर्म त्यात आल्या. सोडणारी आणि घेणारी, दोन्ही फर्म सदस्य असतील तर पाच गोष्टी नेता येतात: क्लायंटचं नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि खात्याचं शीर्षक. बस. शिल्लक नाही, स्टेटमेंट नाही, सोशल सिक्युरिटी नंबर तर नाहीच. त्या यादीची प्रत, खाते क्रमांकांसह, राजीनाम्याबरोबर ब्रँच मॅनेजरकडे ठेवून निघायचं. पण २०१७ च्या अखेरीला मॉर्गन स्टॅन्ली आणि यूबीएस दोघींनी यातून अंग काढून घेतलं. तुमची फर्म आत आहे की बाहेर, हे आधी बघा. बाहेर असेल तर त्या पाच गोष्टीसुद्धा तुमच्या नाहीत. तेव्हा मनाई हुकूम घेऊन फर्म कोर्टात उभी राहते आणि ऐन महत्त्वाचे आठवडे तुम्ही फोन हातात धरून गप्प बसता.

प्रोटोकॉल असो वा नसो, राजीनाम्याआधी क्लायंटला ‘मी हलतोय’ असं सांगून ठेवायचं नाही. मंडळाच्या गणपतीत, आरती संपल्यावर, प्रसादाच्या रांगेतही नाही. तुम्ही हसाल, पण आपल्या समाजात बातमी कशी पळते ते तुम्हालाही माहीत आहे, आणि ती तुमच्या मॅनेजरपर्यंत पोहोचली तर राजीनामा तुमच्या हातात राहत नाही. मग यू-५ फॉर्मवर, म्हणजे माणूस गेल्यावर फर्म भरते त्या फॉर्मवर, तुमच्या जाण्याचं कारण ते लिहितात. तो तीस दिवसांत भरावा लागतो, आणि ‘कंपनीच्या नियमांचा भंग’ असं काही त्यात आलं तर ते सारखं समोर येत राहतं, पुढची प्रत्येक फर्म ते वाचते. स्क्रीनचे फोटो, स्वतःला पाठवलेले ईमेल, रात्री साडेआठला काढलेले प्रिंट, हे सगळं नंतर तपासलं जातं. हुशार माणसं इथेच पकडली जातात, कारण त्यांना वाटतं की क्लायंट तर माझेच आहेत.

तुमच्या बाबतीत तर अर्धे आणखी एका माणसाचे आहेत. निवृत्त झालेले सिनियर पार्टनर. तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलाय, मला मात्र सगळ्या पत्रात तीच ओळ सर्वांत जड वाटते. त्यांचं बुक, म्हणजे त्यांचे सगळे क्लायंट, तुमच्याकडे आलं ते फर्मच्या निवृत्ती योजनेतून आलं असणार. अशा योजनेत निवृत्त माणसाला काही वर्षं त्याच क्लायंटांच्या उत्पन्नातून हिस्सा मिळत राहतो, आणि त्या बदल्यात वारसदार फर्मशी करार करतो. त्या कराराची प्रत शोधा. योजनेतून आलेली खाती नेता येणार नाहीत, किंवा अमुक वर्षं तुम्ही त्या क्लायंटना विचारणार नाही, असं त्यात असेल तर प्रोटोकॉल तुम्हाला तारणार नाही. आणि तुमचं ७० टक्क्यांचं गणित पहिल्याच ओळीत कोसळेल.

कायद्याचं सोडा, तुम्ही गेलात तर त्यांचा हिस्सा थांबतो का, हेही त्यातच कळेल. तुम्ही ‘बेइमानी’ हा शब्द फर्मसाठी वापरलात. दर जानेवारीत तुम्हाला न विचारता ग्रिड बदलणाऱ्या संस्थेचं एवढं मनावर घेऊ नका. तिने तुम्हाला मोबदला दिला, तुम्ही तिला महसूल दिला, फिटंफाट. स्वच्छ हातांनी बाहेर पडायचं, एवढंच तिचं देणं. पण ज्याने आपली वीस-वीस वर्षांची माणसं तुमच्या ओळखीवर सोपवली, त्याचं काय? त्यांना राजीनाम्याआधी तुम्ही सांगू शकत नाही, ही खरी पंचाईत आहे, आणि ती सोडवायचा सोपा मार्ग माझ्याकडे नाही. मी तुमच्या जागी असते, तर त्यांचे हप्ते संपेपर्यंत थांबता येतं का हे आधी पाहिलं असतं. योजना पाच वर्षांची असेल तर दोनच वर्षं उरलीत. तेवढ्या काळात त्यांचे क्लायंट बरेच तुमचे झालेले असतील, आणि ऑफर? तुमचं प्रॉडक्शन टिकलं तर ऑफर येतच राहतात. ‘परत यायची नाही’ हे वाक्य वहिनींच्या कानावर कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. रिक्रूटरला पैसे नवी फर्म देते, तेही तुम्ही रुजू झालात तरच.

थांबणं म्हणजे मुकाट बसणं असं मला म्हणायचं नाही. मॅनेजरशी बोला. ऑफर आहे असं न सांगताही मदतनीस, लहान खात्यांसाठी टीममध्ये ज्युनियर, असं बरंच मागता येतं. ग्रिड तो बदलू शकणार नाही, बाकीचं बरंच काही त्याच्या हातात असतं.

नव्या फर्मबद्दलही एक भाबडेपणा सोडा. तिथेही जानेवारी येतो. नोटेतला आकडा पक्का असतो, ग्रिड नाही. पेआउट बदलायचा हक्क फर्म राखून ठेवते. आणि फर्म स्वतःच राहील का? मेरिल लिंच २००८ च्या सप्टेंबरात एका वीकेंडला बँक ऑफ अमेरिकाला विकायचं ठरलं. पुढच्या वर्षी स्मिथ बार्नी मॉर्गन स्टॅन्लीच्या संसारात गेली. २००७ मध्ये फर्मच्या नावाची पाटी बघून दीर्घ मुदतीची नोट सही केलेल्यांची पाटी उतरली, नोट तशीच राहिली.

पत्रात तुम्ही विचारलं नाहीत, तरी स्वतंत्र होण्याबद्दल दोन शब्द. तिथे पेआउट ८० ते ९० टक्के किंवा वर असतो, म्हणून ऐकताना डोळे विस्फारतात. पण जागेचं भाडं, मदतनिसाचा पगार, सॉफ्टवेअर, विमा, सगळं त्यातूनच. चेक बराच लहान, मुदतही सहसा लहान. तुमच्या खऱ्या तक्रारी, म्हणजे लहान खाती आणि बँकेची विक्री, या दोन्ही तिथेच सुटतात, दुसऱ्या मोठ्या फर्ममध्ये नाही. मी दुसऱ्या खेपेला तीच वाट धरली. पहिल्या दोन वर्षांत प्रिंटरची शाई स्वतः आणत होते, आणि झोप बरी लागत होती. पण मुलं तेव्हा मोठी झाली होती. तुमची मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जायची आहे, तेव्हा निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

डिफर्डबद्दल कुणी तुम्हाला सांगेल, की ते कोर्टातून परत मिळतात. या रकमा पेन्शनच्या कायद्यात बसतात का, यावर खटले चालू आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायाधीशांनी मॉर्गन स्टॅन्लीच्या खटल्यात अ‍ॅडव्हायझरांच्या बाजूचं मत दिलं, २०२५ मध्ये केंद्रीय कामगार खात्याने उलट मत दिलं. तुमच्या हिशेबात ते १,९०,००० गेलेच असं धरा. नवी फर्म ते भरून देते का, हे मात्र जरूर विचारा, पुष्कळदा देतात. फक्त तेही कर्जात मिसळलेलं असतं.

सही करण्याआधी या धंद्यातला वकील गाठा. नवी फर्म वकील देते, त्याचा फायदा घ्या, पण प्रॉमिसरी नोट आणि निवृत्ती योजनेचा करार वाचायला स्वतःच्या पैशाने दुसरा लावा. शुक्रवारची मुदत रिक्रूटरची आहे. त्याला सांगा, तीन आठवडे लागतील. खरी ऑफर तीन आठवड्यांत मरत नाही.

आणि हो, हे पत्र तुम्ही ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवलं नसावं, अशी आशा करते. तिथल्या ईमेलवर देखरेख असते. पाठवलं असेल तर पुढचं काही लिहायचं ते घरच्या फोनवरून लिहा.